तमारच्या बाबांची सबटायटल्स

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी ब्लडप्रेशरची गोळी चुकवली तेसुद्धा सांगतो. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

इथे अमेरिकेत, ओहायोतल्या आमच्या डब्लिनपासून जवळच, कोलंबसच्या एका छोट्या गॅलरीत तरुण इस्रायली कलाकारांच्या व्हिडिओंचं प्रदर्शन होतं. व्हिडिओ आर्ट म्हणजे अंधारी खोली, भिंतीवर तेच तेच फिरून चालणारं चित्र आणि बसायला एकच बाक — एवढीच माझी अक्कल. पण त्यातल्या एकीला मराठी माणूस हवा होता. इथल्या मराठी मंडळाने माझं नाव दिलं. रिटायर्ड इंजिनियर, रविवारच्या मराठी शाळेत शिकवतो, मंडळाच्या दिवाळी अंकात कविता लिहितो — आणखी काय पाहिजे?

तिचं नाव तमार. तिशीही गाठली नसेल. तिचे वडील बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. तरुणपणी अलिबागकडून तिकडे गेलेले. पक्षाघातानंतर त्यांचं हिब्रू गेलं, मराठी तेवढं राहिलं. आणि तमारला मराठी येत नाही. पलंगावर पडून ते बोलतायत, असं बारा मिनिटांचं तिचं चित्रीकरण होतं. तिने आत्याला अर्थ विचारला तर आत्या नुसती रडली, काही सांगेना.

“काका, यू टेल मी,” ती म्हणाली. मंडळातल्या मुलांचं ऐकून तीही मला काका म्हणायला लागली होती. “ही इज टेलिंग मी समथिंग, राइट?”

मी हेडफोन लावला. ती शेजारी बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. पडद्यावर तिचे बाबा — उजवा हात लुळा, शर्टाची बटणं उघडी, हनुवटीवर लाळ — पुन्हा पुन्हा एकच सांगत होते. पोरी, बंद कर ते. लोकांना असा दाखवू नको मला.

एवढंच तर सांगायचं होतं ना मी तिला? प्रदर्शन आठवड्यावर आलेलं, परदेशातलं तिचं पहिलंच काम, तिचे ते डोळे — कारणं हवी तेवढी आहेत. खरं एवढंच, की जीभ रेटली नाही. मी म्हणालो, ते समुद्राबद्दल बोलतायत.

मग घरी बसून सबटायटल्स लिहिली. नारळाची सावली, वाळूत रुतलेली होडी, आईची हाक — आणि लिहिताना मजा आली, हेही सांगायलाच हवं. उद्घाटनाला लोक डोळे पुसत होते. आयुष्यभर कविता केल्या, गाजली ती ही एकच.

तेव्हा तरी बोलायचं! नाही बोललो.

तमारला वाटलं, कॅमेऱ्यासमोर बाबांना त्यांचा समुद्र सापडतो. ती परत गेली आणि रोज कॅमेरा लावू लागली. तो माणूस नको नको म्हणत राहिला आणि ती बिचारी प्रेमाने आणखी जवळ जात राहिली. हे मी केलं. तिने नाही.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. फिल्म आता दुसऱ्या शहरात चालू आहे. एखादा मराठी विद्यार्थी कधीही त्या खोलीत शिरेल — किंवा कधीच शिरणार नाही. तमारला आता काय सांगू? की वडील शेवटपर्यंत तुला विनवत होते? सांगितलं तर ती मोडेल, नाही सांगितलं तर ते त्या भिंतीवर विनवतच राहतील. मेल लिहायला घेतो, नाव लिहितो, बंद करतो. यापुढे माझा हात जातच नाही.

अजून एक राहिलं. ते हयात असतानाच तमारचं दुसरं चित्रीकरण सबटायटल्ससाठी माझ्याकडे आलं होतं. त्यात आत्या त्यांना सांगताना ऐकू येते, की अमेरिकेत एक मराठी माणूस तुझं सगळं बोलणं ऐकतो. त्यांनी मान वळवली. मग तमारकडे नाही, सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाले, “भाऊ, तुम्ही तरी सांगा हिला.”

त्या वाक्याखाली मी लिहिलं — भरती आली की होड्या आपोआप हलतात.