दाजींचा टँकर आणि ताईची ज्योत

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान जयराम, घरात शिरण्याआधी फाटकाच्या लोखंडी गजाला उघडा तळहात लावतात. क्षणभर तसेच उभे राहतात आणि मगच आत येतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, माणूस फारच देवभोळा दिसतो, उंबरठा सोडून फाटकालाही नमस्कार करतो. तसं काही नव्हतं. दाजी अंगातली वीज जमिनीत सोडत होते. ते गुजरातेतून नाशिकला टँकर आणतात आणि त्या टँकरमध्ये रंगाच्या कारखान्यात लागणारं, पेटायला टपलेलं रसायन असतं. टाकीला हात लावण्याआधी अंगातली वीज उतरवायची, ही त्यांच्या कामाची पद्धत. ती त्यांनी घरी आणली आणि बायकोच्या हातून पाण्याचा तांब्या घ्यायचा तरी आधी फाटकाला हात लावू लागले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण नाशिकच्या सिडकोतल्या त्यांच्या दोन खोल्यांत नायलॉनची साडी चालत नाही, कारण ती घासली की ठिणगी पडते. उदबत्ती चालते, पण अंगणात आणि पाण्याच्या बादलीशेजारी. आरतीला दाजी रस्त्यावर उभे राहून टाळ्या वाजवतात. माझ्या लग्नात त्यांनी होमाशेजारी वाळूच्या दोन बादल्या आणून ठेवल्या आणि भटजींना वाऱ्याची दिशा विचारली. भटजी मंत्र विसरले. सासरचे लोक अजून मला विचारतात, "तुमचे ते बादलीवाले पाहुणे बरे आहेत ना?"

ताईने हे सगळं हसण्यावारी नेलं होतं. गेल्या उन्हाळ्यापर्यंत. मे महिन्यात दाजींच्या बरोबरीचा मल्हारी नावाचा ड्रायव्हर गाडीसकट जळाला. टाकी काठोकाठ भरलेली होती, ऊन रणरणत होतं, आत माल फुगला, झाकणातून वाफ निघत राहिली आणि शेजारी कोणीतरी चहासाठी स्टोव्ह पेटवला. मल्हारी आमच्याकडे जेवायला यायचा. त्याला ताईच्या हातचं भरीत लागायचं. तो गेल्यानंतर दाजी अधिकच अबोल झाले आणि ताईची झोप उडाली. गाडी निघाली की ती मोबाइल हातात धरून बसायची. शेवटी तिने सप्तशृंगीला नवस बोलला. यंदाचं ऊन दाजींना सुखरूप काढू दे, नवरात्रात गडावरून अनवाणी ज्योत आणीन आणि घरी पोचेपर्यंत विझू देणार नाही. हे तिने फक्त मला सांगितलं आणि तोंडाला कुलूप लाव म्हणाली. दाजींना सांगितलं ते इतकंच, की घटस्थापनेला कळवणला माहेरी जाते.

आता बघा. नवऱ्याला आगीपासून वाचवायचं म्हणून बायको पेटती मशाल घेऊन साठेक किलोमीटर चालणार. मी ताईला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "बंटी, तू गाडी चालव. अक्कल नको चालवूस." चाळिशी आली तरी मी तिच्यासाठी बंटीच.

तर घटस्थापनेच्या दिवशी पहाटे आम्ही गड उतरलो. कॉलनीतल्या महिला मंडळाच्या पंधरा-वीस बायका पाळीपाळीने ज्योत धरणार होत्या. मी पिकअप घेऊन मागे. पिकअपमध्ये स्पीकर, जनरेटर, केळी आणि ज्योतीच्या तेलाचा डबा. तो डबा उतारावरच्या वळणाला उपडा झाला. मंडळाच्या अध्यक्ष छायाताई त्याचा दोष मला देतात, वळणाला देत नाहीत. वणी मागे पडली तेव्हा ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आलं होतं, डांबर मऊ पडलं होतं आणि ज्योतीचं तेल तळाला गेलं होतं. दिंडोरीला दुकानात मिळेल, असं म्हणत बायका पाय उचलत होत्या.

एका वळणापुढे चिंचेची झाडं लागली. तिथे गर्दी दिसली. रस्त्याकडेला दोरी बांधलेली, दोरीबाहेर चपलांचा ढीग, आणि दोरीच्या पार आत सावलीत एक टँकर. टँकरच्या मागच्या अंगाला टोकावर उभा केलेला लाल चौकोन आणि त्यात पांढरी ज्वाळा. धोक्याची खूण. ती खूण पाहून आणि दोरीशी उभ्या असलेल्या माणसाचा थाट पाहून आसपासच्या वस्तीने जे समजायचं ते समजून घेतलं होतं. तो माणूस येणाऱ्याला खिळ्यांच्या चपला काढायला लावत होता, मोबाइल बंद करायला लावत होता, दोरीच्या आत पाऊल टाकू देत नव्हता आणि मोठ्याने बोललेलंही त्याला खपत नव्हतं. इतकं सोवळं देवाशिवाय कोण पाळतं? सरुबाई नावाची एक म्हातारी हातात नारळ घेऊन पहिल्या रांगेत बसली होती.

"फोडू का हो भगत?" ती विचारत होती.

"फोडायचा नाही. दगडावर दगड आपटायचा नाही, नारळ आपटायचा नाही. ठेवून द्या," तो माणूस म्हणाला.

आवाज दाजींचा होता. माझी पाचावर धारण बसली.

नंतर कळलं ते असं. पेठचा घाट बंद होता म्हणून दाजी वणीच्या रस्त्याने आले होते. भर दुपारी गाडी हाकायची नाही हा दाजींचा नियम. माल भरतानाही ते टाकीत वर जागा सोडायला लावतात, त्यावरून भरणाऱ्यांशी त्यांची दर खेपेला हुज्जत होते. तरीही त्या दिवशी उन्हाने माल तापला आणि झाकणावरची झडप फुसफुसू लागली. फुसफुसते म्हणजे वाफ सोडते, ते तिचं कामच आहे. पण ती वाफ जड असते, वर जात नाही, जमिनीला धरून सरपटते आणि चरीत दबा धरून बसते. म्हणून दाजींनी वस्तीपासून लांब सावली गाठली आणि दोरी बांधली. भगत ते आपोआप झाले.

ज्योत त्या वेळी ताईच्या हातात होती. दाजींनी आधी ज्वाळा पाहिली, मग ती धरणारा हात पाहिला, मग चेहरा.

"उज्वला," ते म्हणाले, "आहेस तिथंच थांब."

"अहो, तुम्ही? तुम्ही तर पेठच्या रस्त्यानं येणार होतात ना?"

"तू कळवणला होतीस ना?"

ताई थांबली. तिच्यामागे सगळी मिरवणूक थांबली. दाजींनी मला पिकअप आणि जनरेटर बंद करायला लावला. इतकी शांतता झाली की झडपेची फुसफुस ऐकू येऊ लागली. सरुबाईने हात जोडले. "बोलतोय गं बाई देव," ती शेजारणीला म्हणाली.

छायाताईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या पुढे झाल्या, दाजींना अदबीने नमस्कार केला आणि म्हणाल्या, "दादा, तुमच्या गाडीत तेलच आहे ना? एक बाटलीभर द्या की. ज्योत मंदावलीय आमची."

दाजींचा चेहरा मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी वाकून मूठभर माती उचलली आणि हवेत सोडली. माती टँकरकडून आमच्याकडे आली. म्हणजे वाफही आमच्याकडेच येत होती.

"विझव," ते ताईला म्हणाले.

"नाही विझणार."

"उज्वला, इथं जेवढी माणसं उभी आहेत तेवढी जातील."

"मग दुसरी वाट सांगा. विझव म्हणू नका." तिचा आवाज कापत होता, पण मशाल हलली नाही. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त तिची दया आली. थांबावं तर तेल संपून ज्योत विझणार, जावं तर स्फोट. नवस मोडणार किंवा ज्याच्यासाठी बोलला तोच जाणार.

दाजींनी पुन्हा माती उडवली. मग सरुबाईकडे वळून विचारलं, "टँकरच्या पल्याडची टोमॅटोची पट्टी कुणाची?"

"माझीच हाय. देवाला लागते का?"

"सगळ्यांनी मागं फिरायचं, मोठा वेढा घ्यायचा आणि पट्टीच्या पार पल्याडच्या बांधालगतच्या ओळींतून जायचं. वारा तिकडून येतोय, वाफ तिकडं जात नाही. चरीत कुणी उतरायचं नाही. घोषणा नाही, टाळ्या नाहीत."

"देवाचा हुकूम हाय तर जाऊ द्या टमाटी," सरुबाई म्हणाली, आणि तिनेच पुढे होऊन वाट दाखवली.

मग जी निघाली तशी ज्योतीची मिरवणूक कोणी पाहिली नसेल. वीस बायका ठिबकच्या चिखलात घोट्यापर्यंत रुतत, तोंड मिटून, टोमॅटोच्या तारांखालून वाकून चाललेल्या. कुठे जयजयकार नाही, ढोल नाही. पट्टीच्या मधून, ज्योत आणि टँकर यांच्या बरोबर मध्ये, दाजी चाललेले, खांद्यावर आग विझवायचा लाल सिलिंडर. ताई दोन पावलं चालली की दाजी दोन पावलं चालत. ती थांबली की ते थांबत. मी पिकअपजवळ उभा राहून हे पाहत होतो, आणि खरं सांगतो, हसू येत होतं आणि नजरही हटत नव्हती.

निम्म्या वाटेवर दाजींचा संयम सुटला. ते टोमॅटोच्या ओळींवरून म्हणाले, "हे असलं करायला सांगितलं कुणी तुला?"

"कुणी नाही. मीच बोलले होते नवस," ताई पलीकडून म्हणाली. "मल्हारीभाऊ गेले तेव्हा. तुमची गाडी पेटू नये म्हणून."

सगळे गप्पच होते, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं, पिकअपपाशी मीही. दाजी जागच्या जागी उभे राहिले. ताई पुढे गेली तरी ते हलले नाहीत. मग एकदम भान आल्यासारखे चिखलातून झपझप चालत पुन्हा ज्योतीच्या बरोबरीला आले.

बांध संपला, ज्योत लांबवर रस्त्याला लागली. सरुबाईने घरातून गोडेतेलाची बरणी आणून मशालीत ओतली आणि परत येऊन दाजींच्या कपाळाला व सिलिंडरला गुलाल लावला. दाजींनी लावू दिला. मला मात्र त्यांनी ऊन उतरेपर्यंत पिकअप सुरू करू दिली नाही. सिडकोत ज्योत पोचली तेव्हा केळी माझ्याकडेच होती आणि मंडळ उपाशी. त्याबद्दलही छायाताई मलाच बोलल्या.

दाजी दुसऱ्या दिवशी सकाळी माल उतरवून, तो सिलिंडर खांद्यावर घेऊन घरी आले. मी तिथेच होतो. घट बसले होते, समई तेवत होती, ताई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. तळव्यांना फोड आले होते. दाजींनी फाटकाच्या गजाला हात लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मग अंघोळ केली, सुती कपडे घातले आणि घरात जिथे आग आहे तिथे, माझ्या आठवणीत पहिल्यांदा, जवळ येऊन बसले. तेलाची बुधली घेऊन त्यांनी समईत तेल घातलं. काठापाशी यायच्या आधीच हात थांबवला.

"भरा की पूर्ण," ताई म्हणाली.

"वर थोडी जागा सोडावी," दाजी म्हणाले. "दिवस उन्हाचे आहेत."

मग त्यांनी ताईचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि फोडांकडे बघत राहिले.

"पुढच्या वर्षी ज्योत कोणत्या रस्त्यानं आणणार, ते आधी सांग," ते अखेर म्हणाले.

"का? टँकर दुसऱ्या रस्त्यानं नेणार?"

"टँकर त्या दिवशी नेणारच नाही. तुझ्याबरोबर चालणार." त्यांनी दारामागच्या लाल सिलिंडरकडे पाहिलं. त्यावरचा गुलाल तसाच होता. "तो घेऊन."

ताई हसायला लागली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. पदर सुती होता.