आमच्या बाळाला न आलेला गोवर

“बाळाला गोवर निघालाय म्हणे?”

बारामतीच्या हॉस्पिटलमधून फोन होता. ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्ज सिस्टर बोलत होत्या. मी आमच्या अंथुर्ण्याच्या घराच्या दारात उभी होते. चौकटीला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला होता आणि त्याची पानं माझ्या अंबाड्यात अडकत होती.

“कोण म्हणालं?”

“ते राहू द्या. आमच्याकडे तान्ह्या बाळांचा वॉर्ड आहे. गोवराची केस आत घेता येत नाही. परवाची तारीख दुसऱ्या पेशंटला द्या म्हणालेत सर.”

“गोवर नाही हो, सिस्टर.”

“मग दाराला लिंब का बांधलाय?”

आमच्या डेअरीवर सकाळी बोललेलं दुपारी बारामतीत पोचतं, हे मला ठाऊक होतं. इतक्या तपशिलासह पोचतं, हे नव्हतं.

तर लिंब का बांधला, ते सांगते. मी रिटायर्ड नर्स. सरकारी भाषेत एएनएम, म्हणजे उपकेंद्रावर राहून लसीकरण, बाळंतपणं आणि घरभेटी करणारी. गावाच्या भाषेत नर्सबाई. माझा नातू शिवांश वरचा ओठ फाटलेला घेऊन जन्मला. याला क्लेफ्ट लिप म्हणतात. बाळ पोटात असताना ओठाचे भाग जुळायचे राहून जातात, एवढंच. गावानं मात्र “सुनंनं गिराणात इळी धरली असंल” असा निकाल देऊन टाकला. तेव्हा ग्रहण होतं का, हे कुणी पंचांगात बघितलं नाही.

ऑपरेशन फार मोठं नव्हतं, पण भूल पूर्ण द्यायची होती. भुलीच्या डॉक्टरांची अट कडक असते. बाळाला सर्दी नको. नाक वाहत असताना भूल दिली तर श्वासाचा घोटाळा होतो. पहिली तारीख आमची अशीच गेली. ऑपरेशनच्या आधी भेटून जायची आमच्याकडे पद्धत. सगळे आले, प्रत्येकानं बाळाला मांडीवर घेतलं, मुके घेतले आणि आपापली सर्दी ठेवून गेले. हॉस्पिटलच्या दारातून परत यावं लागलं. माझी सून प्रियांका गाडीत अख्खा रस्ता रडली.

“आई, आता कुणाला आत घेऊ नका.”

“नाही घेत,” मी म्हणाले.

म्हणायला काय जातं? भेटायला आलेल्याला दारातून परत लावलं तर तीन पिढ्या ऐकावं लागतं. मी आधी पुठ्ठ्यावर पाटी लिहिली, ‘कृपया बाळाला भेटू नये.’ लोक ती मोठ्यानं वाचायचे आणि का भेटू नये हे विचारायला आत यायचे. मग मास्क आणले. चुलत दिरांनी मास्क लावला, बाळापाशी गेले आणि मुका घ्यायला खाली ओढला.

मग मला लिंब सुचला.

गोवर, कांजिण्या निघाल्या की देवी घरात आली असं मानतात आणि दाराला लिंब बांधतात. लिंब दिसला की परका माणूस उंबरा ओलांडत नाही. त्याला सांगावंही लागत नाही. तरुणपणी याच लिंबाचा मला भयंकर राग. पहिली नेमणूक बावड्याला होती. कडक इस्त्रीची पांढरी साडी, मनगटावर घड्याळ आणि नाकावर राग, असा माझा अवतार. दाराला लिंब दिसला की ओरबाडायचा, रस्त्यात टाकायचा आणि बोट नाचवून अंधश्रद्धेवर भाषण ठोकायचं. पुढं पुढं मी गल्लीत शिरले की शेळ्याच माझ्या मागं लागायच्या. मला वाटायचं, बघा, मुकी जनावरंसुद्धा विज्ञानाच्या बाजूची! संसर्ग झालेल्या घरात कुणी जाऊ नये हे मी घसा फोडून सांगत होते आणि तेच सांगणारी फुकटची पाटी शेळ्यांना चारत होते.

म्हणून या खेपेला यजमानांना स्टुलावर चढवलं. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीसुद्धा.

“कुणी इचारलं तर काय सांगू?” आबा म्हणाले.

“काही सांगू नका. नुसतं वर बघून हात जोडा.”

म्हणजे खोटं कुणीच बोललं नाही. आम्ही फक्त झाडाची फांदी बांधली. गल्ली अशी चिडीचूप झाली की प्रियांका किती तरी दिवसांनी दुपारची झोपली.

पण लिंबामागून त्याचे कायदेकानू आले. संध्याकाळी शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, “नर्सबाई, तुमच्यातनं फोडणीचा वास आला व्हय? देवीला चालत न्हाय हां.” फोडणी बंद झाली. आबांच्या ताटात पांढरी आमटी पडली.

“आप्रेशन नातवाचं आन् पेशंटचं जेवण मला!”

“हळू बोला. देवी आहे घरात.”

आणि ज्यांना टाळायला हा सगळा खटाटोप केला, त्याच दुसऱ्या दिवशी हजर झाल्या. वन्सं. आबांच्या थोरल्या बहीण, नदीच्या संगमावरल्या नरसिंहपूरच्या. त्यांचा खोकला म्हणजे थंडीत सुरू होणारं डिझेल इंजिन. लिंबानं सगळं गाव लांब ठेवलं आणि वन्संना नेमकं ओढून आणलं. एका हातात देवीसाठी दहीभाताचा डबा, दुसऱ्या हातात अंगारा.

“सुमन, देवी घरात आली आन् मला सांगावा न्हाय?”

“वन्सं, बाहेरून आलेल्यानं आंघोळीशिवाय आत यायचं नसतं.”

त्यांनी गार पाण्यानं आंघोळ केली. आता काय करावं? मी भराभर नियम काढायला लागले. संगमावरून आलेल्यानं पहिला दिवस ओट्यावरच बसायचं. अंगारा लांबूनच फुंकायचा. बोलताना पदर तोंडावर धरायचा. बावड्याची ती इस्त्रीची साडी हे ऐकून जागच्या जागी चुरगळली असती. वन्संनी मात्र प्रत्येक नियमाला मान डोलावली आणि पदरचा एक घातला, “टीव्हीबी लावायचा न्हाय.”

आबांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती इथं लिहिता येत नाही.

आणि दुपारी हॉस्पिटलचा तो फोन. मी सिस्टरांना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही घरच्या. तुमचं म्हणणं कसं धरणार? उपकेंद्राच्या नर्सनी तपासून सांगितलं तर सरांशी बोलते. पण आजच.”

आत प्रियांका बाळाची पिशवी भरत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. घडी घातलेलं झबलं तिनं उलगडलं आणि परत घडी घालायला लागली. दुसरी तारीख माझ्या हुशारीनं जाणार होती. पाहुण्यांच्या सर्दीला निदान नावं तरी ठेवता आली होती.

नर्सला बोलवायची वेळच आली नाही. स्कूटी दारात थांबली. आमच्या उपकेंद्राची रेश्मा. गोवर हटवायची सरकारी मोहीम चालू आहे, म्हणून ताप आणि अंगावर पुरळ अशी केस कानावर आली की तपासून वर कळवावी लागते. मीच कधीकाळी ट्रेनिंगमध्ये हे शिकवलेलं. रेश्मानं आधी डहाळा खेचला आणि रस्त्यावर फेकला.

“बाई, तुम्ही? अहो, लोकांनी कुणाकडं बघायचं?”

ती बोट नाचवून बोलत होती. भाषण चांगलं होतं, पण मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवली नव्हती. वन्सं ओट्यावरून उठल्या.

“ए पोरी, देवी कोपंल!”

“आजी, गोवर विषाणूनं होतो.”

“कुणानं का हुईना, लिंबाला हात लावायचा न्हाय!”

गल्ली गोळा झाली. मला तोंड उघडावंच लागलं. “वन्सं, देवी आलेलीच नाही. कुणी आत येऊ नये म्हणून मी बांधला होता.”

वन्संनी पदर तोंडावरून काढला. “म्हंजी मी गार पाण्यानं आंघुळ कशापायी केली?”

मी रेश्माला हात धुवायचं पाणी दाखवलं.

रेश्मा हात धुऊन आत आली. ताप बघितला. बॅटरी लावून गालाच्या आतून पांढरे ठिपके आहेत का ते बघितलं, कारण गोवर आधी तिथं दिसतो. मग कानांमागं बघितलं, पुरळ तिथून सुरू होतं. तोवर शिवांशनं तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी पकडली होती आणि सोडेना. तसंच वाकून तिनं हॉस्पिटलला फोन लावला.

“ताप नाही, पुरळ नाही, नाक कोरडं आहे. लिंब तेवढा होता, तो मी काढलाय.”

पलीकडं सिस्टर सरांना विचारायला गेल्या. फोन स्पीकरवर होता. चपलांचा आवाज लांब गेला, मग जवळ आला.

“घेऊन या. तारीख तुमचीच.”

प्रियांकानं ते झबलं एकदाचं पिशवीत टाकलं. आबा देवापुढं न जाता आधी स्वयंपाकघरात गेले.

“गल्लीनं ऐकलंच आहे, आता सगळ्या गावाला खरं सांगा,” रेश्मा म्हणाली.

“खरं सांगितलं की गाव आत येईल.”

तिनं विचार केला. मग उपकेंद्रातून लशीचा डबा मागवला आणि आमच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसली. जमलेल्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “गोवराची हूल उठलीच आहे, तर ज्या पोरांचे डोस राहिलेत त्यांचे इथंच देऊन टाकते. कार्ड घेऊन या.” सुई फक्त राहिलेल्या लहान मुलांना होती. पण सुईचं नाव ऐकल्यावर हे विचारायला मोठी माणसं थांबतील तर ना! काही आया मात्र पोरांना काखोटीला मारून आल्या आणि डोस घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी भेटायला कोणी आलंच, तर फाटकापाशी वन्सं होत्या. माझ्यावरच्या रागानं उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून त्या तिथं खुर्ची टाकून खोकत बसल्या होत्या. “आत काय बगायचं न्हाय. नुस्ती आमची सुमन हाय,” असं ज्याला त्याला सांगत होत्या.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. बाळ बाहेर आलं तेव्हा ओठावर बारीक टाके होते आणि कोपरांना पट्ट्या बांधलेल्या, हात टाक्यांना लागू नये म्हणून. प्रियांका बराच वेळ बघत राहिली.

“आई, छान झालंय. पण आधीचं हसूबी चांगलं होतं की हो.”

मी म्हणाले, “होतं.” एवढ्या वर्षांच्या नोकरीत पेशंटच्या नातेवाईकाशी वाद न घालता दिलेलं माझं हे बहुधा पहिलंच उत्तर.

आता नव्या नर्स मुली भेटायला येतात आणि काही सल्ला द्या म्हणतात. मी एकच देते. गावाला दारातून परत लावायचं असेल तर निमित्तासाठी असा आजार निवडावा, ज्यावर सरकारी मोहीम चालू नाही.