चेडूची हजेरी

डिस्कची टकटक ऐकता ऐकता शर्वाणीचे डोळे जड होत आहेत. भर दुपार आहे. सावंतवाडीच्या घरात ती एकटी आहे. आई जाऊन दोन महिने झाले. समोर आईचा जुना संगणक चालू आहे. दुरुस्तीवाल्याने सकाळीच बजावलं आहे, ही डिस्क फार तर अजून एकदा चालेल, जे सगळ्यात हवं ते आधी उतरवून घ्या.

तिला फोटो नकोत. आईच्या सेटिंग्जमधली शब्दकोशाची फाइल हवी आहे. आई मराठीची शिक्षिका. निवृत्तीनंतर मालवणीत आठवणी लिहायला बसली, तर संगणकाने शब्दाशब्दाखाली लाल रेघ ओढली. मग तिने एकेका शब्दावर ‘शब्दकोशात घाला’ करत त्याला मालवणी शिकवली. एकदा शर्वाणीने मदत म्हणून उरलेल्या लाल रेघा एका दमात दुरुस्त करून टाकल्या. चेडू, म्हणजे मुलगी. तिचा चेंडू झाला. ‘गेल्या आठवड्यात चेंडू घरी आला, दोन दिवस राहून गेला.’ आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पण त्यानंतर तिने एक ओळ लिहिली नाही, आणि शर्वाणीने कधी कारण विचारलं नाही.

फाइल उतरते आहे, आकडा एकसष्ट टक्क्यांवर अडकला आहे. टक. टक.

टकटक डस्टरची आहे. आई टेबलावर डस्टर आपटून वर्ग शांत करते आहे, आणि वर्गात कुणीच नाही. बाकांची रांग स्वयंपाकघरातून मागच्या दारी गेली आहे. शेवटचं बाक विहिरीत उतरलं आहे. आई हजेरी घेते आहे. पटावर नावं नाहीत, शब्द आहेत.

“गजाली.”

“हजर.” गजाली, म्हणजे गप्पा. रिकाम्या बाकावरून आलेला हा आवाज मावशीचा. मावशीला जाऊन सहा वर्षं झाली. पुढच्या शब्दाला आजोबा ओ देतात. शर्वाणी प्रत्येक आवाज ओळखते, आणि त्यांतलं कुणीही आता नाही.

“चेडू.”

विहिरीतलं पाणी तेवढं हलतं.

“चेडू खंय गेला?”

“आई, तो शब्द मी खोडला.”

“खोडलंस खंय? चेंडू केलंस.” आई पटावरून मान वर करत नाही.

“म्हणून लिहायचं सोडलंस?”

आता आई बघते. चष्म्याच्या काचा दुधासारख्या पांढऱ्या आहेत. “डोळे गेले माझे. तुका सांगूक नाय. तू धावत येतलंस.”

आई पेन उघडून थांबली आहे.

“चेडवा, हजेरी दे.”

इथे कोण कोण ओ देतं ते शर्वाणीला ठाऊक आहे. पाय गार पडले आहेत. पाणी बाकाखाली आलं आहे. तरी ती उभी राहते.

“हजर.”

डस्टरची टकटक थांबते.

ती जागी होते ती शांततेने. डिस्क बंद पडली आहे, पुन्हा चालू होत नाही. पण फाइल उतरली आहे. ती आपल्या लॅपटॉपवर उघडते. आईने शिकवले त्या क्रमाने शब्द, एकाखाली एक. गजाली बऱ्याच खाली आहे. आणि सगळ्यात शेवटी चेडू. म्हणजे आईने तो नंतर शिकवला होता.

शर्वाणी डोळे पुसते, आणि मग तिला दिसतं की चेडू शेवटचा नाही. त्याखाली आणखी एक शब्द आहे.

हजर.

हा शब्द कुठल्याही संगणकाला येतो. तो शिकवावा लागत नाही.