ळ वाचवणारे काका

मराठीत ‘ळ’ हे अक्षर नसतं, तर आमचे छापखान्यातले काका पन्नास वर्षं आधीच लेखक झाले असते, असं माझं ठाम मत आहे.

सांगलीतल्या ज्या लहानशा छापखान्यात माझ्या वडिलांची पत्रकं छापली जात, तिथे काका शिशाचे खिळे जुळवायचे. एकेक अक्षर उचलून ओळ बसवायची, छापून झालं की प्रत्येक अक्षर परत आपल्या खणात. सगळे खण भरलेले, फक्त ‘ळ’चा कायम रिकामा व्हायला आलेला; मालक नवे आणत नसे. आणि वडिलांचं तर चळवळ, दुष्काळ आणि पिळवणूक यांच्याशिवाय एक वाक्य पुरं होत नसे. काका मजकूर वाचून मान हलवायचे. “चळवळीला दोन ळ लागत्यात, सायेब. आंदोलन करा की. त्येला एकबी लागत न्हाई.” वडील भडकायचे, “अहो, पिळवणूक तरी राहू द्या!” “शोषन घालतो. जास्त झोंबतंय.” मी त्या पत्रकांवर वाढले. त्यातले निम्मे जहाल शब्द विचारातून नव्हे, टंचाईतून आले होते, हे मला फार उशिरा कळलं.

छापखाना बंद पडला, पण काकांचा हात सुधारला नाही. वाण्याच्या यादीत ते गूळ लिहीत नसत, ‘ढेप’ लिहीत. डाळीच्या जागी नुसतं ‘तूर’. एकदा वाण्यानं खरंच पाच किलो अख्खी तूर पाठवली. काकू जात्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आवं, आता बसा भरडत!” काका निमूटपणे बसले.

गेल्या वर्षी, त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी गोष्ट लिहायला घेतली. मी तावातावाने म्हणाले, “काका, गोष्टींनी प्रश्न सुटत नाहीत.” “माजा एक सुटंल, पोरी,” ते म्हणाले. कराडजवळच्या मलकापूरला शाळेत असताना ते वहीत रोज एक पान गोष्ट लिहायचे आणि त्यांची थोरली बहीण, कमळअक्का, ती वाचून रोज विचारायची, “फुडं काय झालं रं?” मग त्यांचे वडील वारले. भावाची मॅट्रिक व्हावी म्हणून अक्कानं शाळा सोडली, ती लोकांच्या उसात तण भांगलायला जाऊ लागली. वही तिथेच थांबली. आता अक्काची नजर गेली होती आणि कानही जायच्या वाटेवर होते. ऐकू येतंय तोवर तिची गोष्ट तिला ऐकवायची, एवढंच काकांना हवं होतं.

चार महिन्यांत चाळीस पानं झाली. मी त्यांच्याबरोबर मलकापूरला गेले. काका अक्काच्या कानाशी बसून मोठ्यानं वाचू लागले, “पद्मा प्रभाती शेतात गेली. तिच्या नेत्रांत अश्रू होते. समीप एक कृष्णवर्ण म्हैस उभी होती.” म्हशीपाशी मला हसू आवरेना. अक्का मात्र शेवटच्या ओळीपर्यंत हात जोडून ऐकत होती. मग म्हणाली, “लय ग्वाड लिवलंयस. पर ही पद्मा कोन रं? लय मोठ्या घरची दिसतीया. आन् मी कवा येनार ह्यात?”

काका हातातल्या कागदाकडे बघत राहिले. मीही वाकून बघितलं. चाळीस पानांत एकही ‘ळ’ नव्हता.

परतताना एसटी इस्लामपूरला आली. काका खिडकीकडे बघत म्हणाले, “नावसुदिक घातलं न्हाई मी तिचं. हातच गेला न्हाई त्या खनाकडं.”

दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी एकच पान होतं. “कमळ सकाळी मळ्यात गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जवळ काळी म्हैस उभी होती.” अक्का चटकन उठून बसली. “व्हय व्हय, गेलते की! मारकी हुती ती म्हस! फुडं काय झालं रं?”

तो प्रश्न साठ वर्षांनी आला होता. काकांनी पुढची ओळ वाचायला घेतली.

आता ते दर रविवारी एक पान घेऊन कराडची गाडी धरतात. आदल्या दिवशी ते पान मला तपासायला देतात. हल्ली त्यांच्या गोष्टीत म्हशीबरोबर कुत्रं काळं असतं, शेळी काळी असते, आभाळही काळंच. परवा मी पेन्सिल घेऊन थाटात बसले. म्हटलं, “काका, इतके ळ कशाला? निम्मे काढूया.”

त्यांनी कागद हळूच माझ्या हातातून काढून घेतला. “लय वर्सं वाचवलं, पोरी. आता कुनासाठी ठेवू?”