विहिरीत कोणी नव्हतं

माणगावच्या एका बाईंना मी शब्द दिला आहे, म्हणून हे लिहिते आहे. नाहीतर असलं लिहायची मला सवय नाही… चूक कबूल करायची तर नाहीच.

गेल्या महिन्यात अलिबागला जाऊन तो भुताचा सिनेमा पाहिला. आम्हा चौलकरांना त्याचं विशेष अप्रूप, कारण त्यातली विहीर माझ्या शेजारच्या शालनवहिनींच्या वाडीतली. शूटिंगवाल्यांनी त्या स्वच्छ विहिरीला काळा रंग फासला होता, प्लास्टिकचं शेवाळ चिकटवलं होतं. जाताना सगळं घासूनपुसून दिलं.

पडद्यावर मात्र ती ओळखू येईना. चहूकडे धुकं, ओला जांभा, नायिकेच्या हातात एकच कंदील… आणि कॅमेरा हळूहळू विहिरीत उतरतो तेव्हा काळ्या पाण्यावर लाल पदर पसरत जातो. माझ्या बाजूला बसलेल्या बाईंचा वेफर चावायचा राहिला.

पण गोष्ट? ती पाण्यातली बाई कोण, तिथे कशी गेली, नायिकेलाच का हाक मारते… पत्ता नाही. शेवटी घराला आग लागते, तीही उगाच. मी चिडून घरी आले आणि आल्या आल्या इथे पोस्ट टाकली.

'डोळ्यांना मेजवानी, डोक्याला उपास' असं लिहिलं होतं. तेवढ्यावर थांबले असते तर बरं.

पुढे लिहिलं, की ही विहीर आमच्या शेजारची, आणि हिची खरी गोष्ट सिनेमावाल्यांनी विचारलीच नाही. एक नवी नवरी, सासूचा जाच, अमावास्येला पाण्यातून येणारा बांगड्यांचा आवाज… सगळं माझ्या मनचं. वर 'आमच्याकडची जुनी माणसं सांगतात' असंही ठोकून दिलं. तुम्ही भराभर शेअर केलंत आणि मला फार बरं वाटलं… आता लिहिताना कान गरम होताहेत.

शालनवहिनींची सून प्रणाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी, माणगावला गेली होती. मुलगी झाली. सव्वा महिन्याने बाळंतिणीने सासरी येऊन विहिरीची ओटी भरायची, अशी त्यांच्या घरची रीत. वहिनींनी पाळणा धुऊन ठेवला होता.

तर माहेरून निरोप आला, 'त्या विहिरीवर आमची पोर पाठवणार नाही. बाळही नाही.' वहिनींचा मुलगा समजवायला गेला, तर त्याच्यापुढे माझीच पोस्ट धरली.

वहिनी माझ्याशी भांडल्या नाहीत. कुंपणापाशी येऊन एवढंच म्हणाल्या, "ताई, माझ्या विहिरीत कोण होती म्हणालात? एवढ्या वर्षांत मला नाही हो भेटली." मग वाळत घातलेली दुपटी गोळा करून आत गेल्या… नातीसाठी शिवलेली.

दुसऱ्या दिवशी एसटीने माणगाव गाठलं. प्रणालीच्या आईने चहा पुढे केला. मी म्हटलं, ते सगळं मी रचलं होतं. त्यांना पटेना.

"तुमी शिकल्यासवरल्या. उगाच कशाला लिवाल?"

मी खरं तेच सांगितलं. सिनेमाला गोष्ट नव्हती, म्हणून.

"मंग सिनेमाला द्यायची. माझ्या पोरीच्या घराला का दिलीत?"

आयुष्यभर मी लोकांना जाब विचारत आले. त्या दिवशी तो मला विचारला गेला. आतल्या खोलीत प्रणाली बाळाला थोपटत होती, ते थोपटणं थांबलं होतं…

शेवटी प्रणालीच्या आई उठल्या आणि एक पिशवी माझ्या हातात ठेवली. "जितं ते लिवलंत, तितंच लिवा, खोटं होतं म्हणून. मंगच हे विहीणबाईंना द्या. त्या काय ते समजतील."

तर वाचा. त्या विहिरीत कोणीही गेलेलं नाही. जुन्या माणसांनी मला काहीही सांगितलेलं नाही. सिनेमा देखणा होता, त्याची गोष्ट भिकार होती आणि माझी त्याहून भिकार. ज्यांनी ती पुढे पाठवली त्यांनी हेही पाठवावं… ही विनंती आहे, हुकूम करायचं तोंड मला उरलेलं नाही.

आज सकाळी हे लिहून वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "पाणी गोड आहे, तेही लिहा."

विहिरीचं पाणी गोड आहे.

ताजा कलम. पोस्ट टाकल्यावर शालनवहिनींच्या हातात दिलं: एक हिरवा खण, एक नारळ, हळदकुंकवाची पुडी. माणगावहून, विहिरीच्या ओटीसाठी.