नाफिझ उस्तादांचा गुडघा

लोकरीचे नमदे, म्हणजे न विणता दाबून केलेले जाड गालिचे, बनवणारे नाफिझ उस्ताद तिरे गावात माझ्या शाळेमागच्याच गल्लीत राहतात. ओली लोकर गुंडाळायची आणि गुडघ्यांनी, छातीनं मळत राहायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यात उजवा गुडघा झिजला. तरी ऑक्टोबरातल्या आमच्या प्रजासत्ताक दिनाला चौकात पहिला झेयबेक नाचायचा तो त्यांनीच. एकट्यानं, संथ, हात घारीसारखे पसरून. आणि गुडघा जमिनीला टेकलाच पाहिजे. नुसतं वाकून भागत नाही.

यंदा डॉक्टरांनी गुडघा टेकायला बंदी केली. मुलगी सेवगुल, माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणाली, "बाबा, यंदा मी नाचते ना."

"मला उठता आलं नाही, तर शेला तुझा," पहिल्या नाचाचा मान असलेल्या कमरेच्या लाल शेल्यावर हात ठेवून उस्ताद म्हणाले.

चहा ओतता ओतता त्यांच्या पत्नी, मुनीरेबाई, कडाडल्या, "खाली बसलात तर उचलायला मी येणार नाही हं! सांगून ठेवते."

"तुला बोलावलंय कोणी?"

सणाच्या सकाळी चौक झेंड्यांनी भरला. ढोलवाला केरामी उस्तादांचा बालमित्र. झेयबेकमध्ये ढोलाचा ठोका नाचणाऱ्याच्या हालचालीमागून पडतो, आधी नाही.

"काय रे नाफिझ, क्रेन सांगून ठेवू का?"

"तू तुझा हात सांभाळ. मी उठल्याशिवाय ठोका पडता कामा नये."

नाच सुरू झाला. उस्ताद वळले, झुकले, आणि गुडघा फरशीला टेकला. सनईनं एकच सूर धरला. केरामीचं टिपरू वर उचललेलं, तसंच राहिलं. उस्तादांच्या कपाळावर घाम फुटला. सेवगुल पुढे सरकली, तोच मुनीरेबाईंनी तिचा दंड पकडला.

"ढोल थांबलाय ना त्यांच्यासाठी? मग तूही थांब."

आधी उस्तादांचे हात वर गेले, मग खांदे, आणि सावकाश ते पूर्ण उभे राहिले. धाडकन ठोका पडला. चौक दणाणला.

नाच संपल्यावर त्यांनी शेला सोडून मुलीच्या कमरेला बांधला.

"पण बाबा, तुम्ही तर उठलात!"

"म्हणून तर देतोय. पडून दिला असता, तर कीव करून घेतला असतास."

सेवगुल चौकात उतरली. केरामी दंड चोळत ओरडला, "पोरी, तू जरा चटकन उठ गं बाई! तुझ्या बापानं माझा हात भरून आणलाय."