काकांची चकचकीत चाकं

कुणाच्याही घरी आले की काका दारातून लगेच आत यायचे नाहीत. पायपुसण्यावर उभे राहून एकदा मागे वळायचे, रस्त्याकडेला लावलेली आपली काळी सेडान डोळे भरून बघायचे आणि मगच बूट काढायचे. शेजारी तुमची साधी गाडी उभी असेल तर तिच्याकडे हनुवटीने खूण करून म्हणायचे, "पुढची चाकं ओढतात ती बैलगाडी. मोटार वेगळी."

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेलच. आम्हाला तो कॅनडातल्या स्कारबरोच्या मंडळात भेटला.

आमच्या मंडळात समतेवर फार चांगली भाषणं होत. भाषणं संपून सगळे पार्किंगमध्ये आले की तिथे नवी उतरंड लागे: वर जर्मन गाड्या, खाली जपानी, त्याखाली कोरियन आणि अगदी तळाला बसचा पास. मी तळाला होते. कॉलेज, ग्रोसरी स्टोअरमधली शिफ्ट आणि बेसमेंटमधली खोली यांतून उरलेल्या वेळात मंडळाची पत्रकं लिहीत होते. नागपूरला आमच्या घरी फडताळात डब्यांखाली जुनी पत्रकंच अंथरलेली असत, वाचायला मी त्यांवरच शिकले. त्यामुळे काकांची ती चकचकीत चाकांची गाडी मला वैचारिक घसरण वाटायची.

डिसेंबरात ती नुसती वैचारिक राहत नसे. त्या गाडीत इंजिनाचं ओझं पुढे आणि ताकद मागच्या चाकांत. बर्फ पडला की हलकी शेपटी जागच्या जागी फिरायची आणि गाडी पुढे जायचं सोडून आडवी व्हायची. व्हिटबीतल्या त्यांच्या घरापासून रस्त्यापर्यंतचा ड्राइव्हवे उताराचा. सकाळी काका बँकेतल्या नोकरीला निघाले की काकू चहाचा कप घेऊन खिडकीशी उभ्या राहत.

"गेले का बाबा?" लेक वरून विचारायची.

"इथेच आहेत. तोंड फक्त शेजाऱ्यांकडे झालंय."

काका घामाघूम होऊन बर्फ उपसायचं शोव्हल घ्यायला आत आले की लेक म्हणायची, "डॅड, जस्ट गेट विंटर टायर्स."

"ऑल सीझन लिहिलंय टायरवर. विंटर हा सीझन नाही का?"

"नॉट दॅट काइंड ऑफ सीझन, डॅड."

खरी अडचण वेगळी होती. विंटर टायर यायचे काळ्या लोखंडी रिमवर. म्हणजे पाच महिने ती चकचकीत अलॉय चाकं गॅरेजमध्ये आणि गाडी, काकांच्याच शब्दांत, "सूट घालून रबरी चपलेत". ते त्यांना सोसणारं नव्हतं. मग त्यांनी शास्त्रीय उपाय काढला. मागे वजन पाहिजे ना? डिकीत बासमतीची पोती टाकली. पोती पुरेनात म्हणून आम्हा विद्यार्थ्यांना बसस्टॉपवरून उचलायला सुरुवात केली. "दोघं मागे बसा. तू जाडा आहेस, मधे बस." आम्हाला फुकट घरपोच प्रवास आणि वर जडत्वावर व्याख्यान. त्या वर्षी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पुलाव होता, तो कुठून आला हे कुणी विचारलं नाही.

जुलैत रस्ते कोरडे झाले, तरी ती गाडी बसस्टॉपवर थांबतच राहिली.

"आता कशाला वजन लागतं, काका?"

"गाडीची सवय मोडू नये. बस."

पुढच्या हिवाळ्यात एकदा ते ड्राइव्हवेवरून ब्रेक दाबलेल्या स्थितीत, अगदी सावकाश, रस्त्यापलीकडच्या आजीबाईंच्या कचऱ्याच्या डब्यांवर जाऊन थांबले. आजीबाई बाहेर आल्या आणि डबे मधे ठेवल्याबद्दल त्यांनीच सॉरी म्हटलं. हा अपमान काकांना सहन झाला नाही. त्याच आठवड्यात चारही विंटर टायर लागले.

गाडीचं वागणं पालटलं. सिग्नल सुटला की शेपटी न हलवता सरळ निघू लागली, वळणावर तोंड वळवलं तिकडेच जाऊ लागली आणि मुख्य म्हणजे थांबवली की थांबू लागली. काकाही पालटले. कालपर्यंत ज्या गोष्टीची टिंगल केली तिचे ते प्रचारक झाले. वंदना संपून चहा येतो न येतो तोच कुणाला तरी कोपऱ्यात घेत. "थंडीत साधं रबर शिळ्या भाकरीसारखं कडक होतं. हे मऊ राहतं, रस्ता धरून ठेवतं. निघणं कुणालाही जमतं, थांबता आलं पाहिजे." हे ज्यांना ऐकवत त्यातले बहुतेक कैक वर्षं विंटर टायरवरच चालले होते. फक्त गाडी आता मंडळाच्या हॉलच्या मागच्या बाजूला, भिंतीला खेटून लावायचे. काळे रिम कुणाला दिसू नयेत म्हणून.

त्याच सुमारास मी दिखाऊपणावर एक पत्रक लिहिलं. त्यात नाव नव्हतं, पण चाकं होती. काकांनी ते लाल सिग्नलला वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"भाषा चांगली आहे तुझी." मग काचेबाहेर बघत म्हणाले, "आमच्या गावात एक गल्ली होती. बापाकडे सायकल होती, पण त्या गल्लीत शिरताना उतरायचं, हातात धरून चालत न्यायची. एकदा बसून गेला तर सायकलसकट विहिरीशी नेऊन बडवला."

सिग्नल हिरवा झाला. पुढे ते टायरमधल्या हवेबद्दल बोलले.

पत्रक मी छापलं. मुद्दा चुकीचा नव्हता.

एप्रिलमध्ये त्यांचे वडील पहिल्यांदाच कॅनडात आले. काकांनी महिनाभर आधीपासून एकच गोष्ट सांगायला घेतली होती: चौदा एप्रिलच्या जयंतीला बाबा गाडीत बसून थेट हॉलच्या दारापर्यंत येणार. आणि त्यासाठी जयंतीच्या आठवडाभर आधी त्यांनी विंटर टायर उतरवून अलॉय चाकं चढवली. काकू म्हणाल्या, लेक म्हणाली, मंडळातले बैलगाडीवालेही म्हणाले, की इथल्या एप्रिलचा भरवसा धरू नका. काका आकाशाकडे बोट दाखवायचे. "ऊन बघा ना."

जयंतीच्या सकाळी पाऊस पडला आणि पडता पडता गोठला. झाडं, तारा, हॉलचा फलक, सगळ्यावर काचेचा थर. मोठ्या रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकलेलं असल्यामुळे काका इथवर पोचले. हॉलच्या दाराकडे येणाऱ्या छोट्याशा चढावर मात्र सेडान थांबली. चकचकीत चाकं झकास फिरत होती आणि गाडी तसूभर हलत नव्हती. मग शेपटी सरकली.

अध्यक्ष धावत गेले. "बाबांना उतरू द्या, चार पावलांवर तर दार आहे. आम्ही धरून आणतो."

काकांनी काच खाली केली. "बाबा उतरणार नाहीत," ते हळूच म्हणाले.

"अहो, पण गाडी चढत नाहीये."

"मग इथेच बसतील."

मागच्या सीटवर म्हातारा पांढऱ्या टोपीत ताठ बसून होता. त्याने दाराच्या कडीकडे हात नेला. काका आरशातून म्हणाले, "बाबा, राहू द्या." हात परत मांडीवर गेला.

दिखाऊपणावर माझ्याकडे अख्खं पत्रक तयार होतं. मी हॉलच्या स्वयंपाकघरात गेले आणि मिठाची पिशवी घेऊन आले. चढावर मीठ फेकलं, कुणी पायपुसणी अंथरली. चाकं फिरून बर्फ आणखी गुळगुळीत होत होता, म्हणून काकांना गाडी बंद करून न्यूट्रलला टाकायला सांगितलं. मग पांढऱ्या साड्या, कोट, स्नो बूट, सगळे डिकीला भिडलो. कुणी गुडघ्यावर आपटलं, कुणी शिव्या दिल्या, अध्यक्षांचा चष्मा गेला. गाडी वीतभर सरायची, थांबायची, परत वीतभर. काका स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून समोरच बघत होते.

दाराशी पोचलो तेव्हा आमच्यातल्या कुणालाही धड श्वास घेता येत नव्हता. मागची काच खाली आली. म्हाताऱ्याने आधी गाडीच्या छतावरून हात फिरवला, मग लेकाला म्हणाला, "गाडी चांगली घेतलीस. आवाजच नाही."